सात मजली सोसायटी 'एनर्जी पॉझिटिव्ह' होते का? गच्चीचा हिशोब

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. पुण्यात कोथरूडला सोसायटी आहे, ४ विंग, पार्किंगवर ७ मजले, एकूण ११२ फ्लॅट. एका सोलरवाल्याने कमिटीपुढे प्रेझेंटेशन दिलंय की तुमची सोसायटी 'एनर्जी पॉझिटिव्ह' (म्हणजे वापरापेक्षा जास्त वीज करणारी) करून देतो, लाईट बिल शून्य आणि वर महावितरणच तुम्हाला पैसे देईल. सेक्रेटरीसाहेब विचारतायत की हे खरं आहे का, आणि खरं असेल तर एकट्या सोसायटीचं कशाला, अख्ख्या एरियाचंच का करू नये.

मी २२ वर्षं हेच करतोय, एनर्जी ऑडिट, पंप-लिफ्ट-एसीचं डिझाईन, आणि मागची बारा-तेरा वर्षं सोलरपण. पॅनल विकत नाही, त्यामुळे खरं सांगायला माझं काही जात नाही.

साहेब, तुमचा व्हेंडर अगदीच खोटं बोलत नाहीये, पण तो 'सोसायटी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात तुमचं कॉमन मीटर असतं आणि तुमच्या डोक्यात ११२ घरं. गोंधळ इथेच होतो. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांचं बिल शून्यावर आणणं सोपं आहे. एका विंगचं कॉमन मीटर महिन्याला १५०० युनिट खात असेल, म्हणजे वर्षाला १८,०००, तर पुण्यात १ किलोवॅट सोलर साधारण १४०० युनिट वर्षाला देतं, म्हणजे १३ किलोवॅटमध्ये काम झालं. त्यापेक्षा जास्त लावून 'वर पैसे' मिळवायचं जे तो म्हणतोय त्यात मेख आहे. नेट मीटरिंगमध्ये (तुम्ही महावितरणला दिलेली वीज तुमच्या बिलातून वजा होते ती पद्धत) उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जातात, ३१ मार्चला हिशोब होतो, आणि तेव्हा जे शिल्लक असेल ते महावितरण घेतं, पण तुम्ही विकत घेता त्या भावाने नाही, बऱ्याच कमी भावाने. धंदा म्हणून वीज विकायला घरगुती नेट मीटरिंग नाहीच मुळी.

आता ११२ घरं धरून हिशोब करू. आकडे अंदाजे आहेत, तुमची बिलं बघितल्याशिवाय मी पक्कं काही सांगणार नाही, पण ढोबळ चित्र बदलत नाही. एका विंगमध्ये २८ फ्लॅट, मजल्यावर ४, म्हणजे गच्ची साधारण ४२०० चौरस फूट असेल. त्यात लिफ्टची मशीन रूम, पाण्याच्या टाक्या, फायरची टाकी, आधीचे सोलर हीटर, डिश, आणि शिवाय मे महिन्यात वाळवणं घालणाऱ्या आज्या. आठ-नऊ फुटांचं स्ट्रक्चर उभारून वर पॅनल टाकले तर खाली गच्ची वापरता येते, खर्च वाढतो, पण भांडणं कमी होतात. असं सगळं धरून एका विंगवर ३० किलोवॅट बसले तर खूप झाले. म्हणजे वर्षाला ४२,००० युनिट.

वापर किती? २८ घरं, महिना सरासरी २०० युनिट, वर्षाचे ६७,२०० आणि कॉमनचे १८,०००. एकूण ८५,२००. गच्ची देते ४२,०००. म्हणजे निम्मंसुद्धा नाही. हा हिशोब मजल्याच्या भाषेत केला की जास्त कळतो, एक मजला त्याच्या वाट्याच्या लिफ्ट-पंपासकट साधारण १२,००० युनिट खातो, म्हणजे तुमची गच्ची साडेतीन मजल्यांना पुरते. चौथ्या मजल्यापासून वरचे सगळे उधारीवर.

मग काय करायचं, तर आधी खाणं कमी करायचं. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण जुना सिलिंग फॅन ७५ वॅट खातो आणि बीएलडीसी फॅन (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. घरात तीन फॅन रोज दहा तास फिरत असतील तर महिन्याला ४० युनिट तिथेच वाचतात. फॅनला ३००० च्या आसपास खर्च. जुना फ्रीज, गीझर, एसी २० ऐवजी २६ वर आणि सोबत फॅन, यातून अजून २० निघतात. म्हणजे २०० चे १४०. कॉमनमध्ये पार्किंगला सेन्सरचे एलईडी, टाकीला लेव्हल कंट्रोलर (वॉचमनला डुलकी लागली की टाकी ओसंडते आणि ते पाणी वर चढवलेली वीज गटारात जाते), पंप नीट साईझचा. १५०० चे १००० होतात, मी हे बऱ्याच ठिकाणी होताना बघितलंय. आता विंगचा वर्षाचा वापर ५९,००० झाला. गच्ची तीच, ४२,००० युनिट, पण आता ती पाच मजल्यांना पुरायला लागली. एक पॅनल न वाढवता दीड मजला जास्त. माझ्याकडे कोणी आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, तुमची गच्ची कितव्या मजल्यापर्यंत पोचते?

जगात जी उदाहरणं दाखवतात ती याच नजरेने बघा. जर्मनीत फ्रायबुर्गला रोल्फ डिश या आर्किटेक्टने केलेली सोलर वसाहत आहे, ५९ घरं, खरोखर वापरापेक्षा जास्त वीज करणारी. पण ती बुटकी, एकाला एक चिकटलेली रो-हाऊस आहेत, एवढ्या कमी मजल्यांना अख्खं छप्पर मिळालं तर गणित सुटतंच. नॉर्वेत त्रोंधाइमला २०१९ मध्ये 'पॉवरहाऊस ब्राटोर्काया' उघडलं, एवढ्या उत्तरेला असून पॉझिटिव्ह, पण ते ऑफिस आहे, छप्पर मुद्दाम उन्हाकडे तिरकं कापलेलं, सुमारे ३००० चौरस मीटर पॅनल, आणि गरम-थंड करायला समुद्राचं पाणी. आपल्याकडे दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन, २०१४ चं, ९३० किलोवॅट सोलर, वर्षाला साधारण १४ लाख युनिट, गरजेएवढी. तिथे पॅनल छपराच्या कडेबाहेर झुकवून काढलेत, कारण नुसतं छप्पर पुरत नव्हतं. आणि सरकारी ऑफिस म्हणजे वापर दिवसा, ऊन दिवसा. घरांचं उलट असतं, दुपारी घरात आजी आणि फ्रीज, आणि संध्याकाळी ७ ला सगळे एकदम येऊन एसी, टीव्ही, इंडक्शन चालू. ऑफिसचं उदाहरण दाखवून सोसायटीला गळ घालणारा भेटला की हे विचारा.

बीईईचं (केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) 'शून्य' म्हणून लेबल आहे, त्यात इमारतीचा निव्वळ वापर चौरस मीटरला वर्षाला ० ते १० युनिटमध्ये आला तर 'शून्य', आणि वजा गेला तर 'शून्य प्लस'. व्हेंडरला विचारा की तुम्ही म्हणता ते पॉझिटिव्ह या हिशोबाने का? चेहरा बघा.

एवढं वाचून वाटेल की मग सोडा नाद. तसं नाही. तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात ना, एरियाचा, माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. सात मजली इमारत एकटी पॉझिटिव्ह होणार नाही, आणि तिने व्हायची गरजपण नाही. तुमच्या चार विंगची सुधारणेनंतरची तूट साधारण ६८,००० युनिट आहे. आता बाल्कनीतून खाली बघा, कोथरूडला तुमच्या आसपास बंगले असतीलच. एका बंगल्याच्या गच्चीवर आरामात १० किलोवॅट बसतात, १४,००० युनिट. घरात दोन म्हातारी माणसं, मुलं बाहेरगावी, वापर वर्षाला ४,०००. उरले १०,०००. म्हणजे असे सात बंगले तुमच्या ११२ घरांची तूट भरून काढतात. त्याच्या पुढे शाळा बघा, मोठं छप्पर, आणि मे महिन्यात, जेव्हा ऊन सगळ्यात कडक, तेव्हा शाळा बंद. मंगल कार्यालय बघा, भाजी मंडईचं पत्र्याचं शेड बघा. एरिया म्हणून हिशोब केला तर आपल्या जुन्या उपनगरांचं गणित जमण्यासारखं आहे, कारण उंच-बुटकं शेजारी शेजारी आहे.

मग होत का नाही? माझ्या अनुभवात याचं उत्तर तंत्रज्ञानात नाही. कारण हे की प्रत्येक गच्ची तिच्या मालकाच्या बिलाएवढीच भरते. त्या बंगल्यातले काका माझ्याकडे येतात, मी सांगतो १० किलोवॅट बसतात, ते म्हणतात मला ३ पुरे. आणि ते बरोबर आहेत! पीएम सूर्यघर योजनेत घरगुती सबसिडी ३ किलोवॅटला ७८,००० होते आणि तिथेच थांबते. सँक्शन लोडपेक्षा (त्यांच्या मीटरला मंजूर असलेल्या भारापेक्षा) जास्त क्षमता बसवायची तर तो लोड वाढवून घ्यावा लागतो. जास्त झालेली वीज मार्चअखेर कवडीमोलात जाते. त्यांनी उरलेल्या सात किलोवॅटवर स्वतःच्या खिशातून पैसे का घालायचे, तुमची लिफ्ट चालावी म्हणून? म्हणून गच्चीचा एक कोपरा चमकतो आणि उरलेल्या जागेत तुटक्या कुंड्या. अख्ख्या शहरात हेच चाललंय. जोपर्यंत काकांना ते सात किलोवॅट शेजारच्या सोसायटीला बऱ्या भावात देता येत नाहीत तोपर्यंत 'पॉझिटिव्ह नेबरहुड' प्रेझेंटेशनमध्येच राहणार. युरोपने २०२५ पर्यंत असे १०० पॉझिटिव्ह एनर्जी डिस्ट्रिक्ट करायचं लक्ष्य ठेवलं होतं, त्यातसुद्धा हिशोबाचं एकक इमारत नाही, मोहल्ला आहे.

आपल्याकडे थोडं दार उघडलंय. ग्रुप आणि व्हर्च्युअल नेट मीटरिंग आता राज्याच्या नियमांत आहे. व्हर्च्युअल म्हणजे प्लांट एका ठिकाणी आणि त्याची युनिट वेगवेगळ्या मीटरवर ठरलेल्या टक्क्यांनी जमा. तुमच्या सोसायटीला हेच लागणार आहे, कारण कॉमन मीटरची भूक भागल्यावर विंगमागे जे १७ किलोवॅट उरतात त्यांची वीज फ्लॅटच्या मीटरवर गेली तरच तिला पूर्ण भाव आहे. अर्ज कोणाच्या नावाने, कागद कोणते, हे सबडिव्हिजननुसार बदलतं, आधी जाऊन विचारा, मग व्हेंडरला ऑर्डर द्या. उलट क्रमाने केलेल्या दोन सोसायट्या मला माहितीयेत, पॅनल वर चढून आठ महिने नुसते ऊन खात होते.

गावांचं उदाहरण लोक देतात म्हणून सांगतो. गुजरातचं मोढेरा २०२२ मध्ये चोवीस तास सोलरवर चालणारं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे घरांवर छोटे प्लांट आहेतच, १३०० च्या वर, पण खरा भार उचलतो शेजारच्या सुज्जनपुऱ्याचा ६ मेगावॅटचा जमिनीवरचा प्लांट, आणि रात्रीसाठी १५ मेगावॅट-तासाची बॅटरी. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी सौरग्राम झालं, छान काम आहे, पण गावात घरं बुटकी आणि वापर कमी. शहराला गावाची नक्कल करता येत नाही. शहराने प्रामाणिकपणे म्हणावं की आमच्या हद्दीत इतकं होतं, बाकीचं बाहेरून आणतो. त्यात कमीपणा काही नाही.

आता डीपीची (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरची) गोष्ट, ही कोणी सांगत नाही. एका बंगल्यांच्या गल्लीत एकापाठोपाठ एक नऊ-दहा जणांनी सोलर लावलं. पहिले दोन वर्षं आनंद. मग शेवटच्या घरातल्या बाईंचा फोन, रविवारी दुपारी सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) बंद पडतो. गेलो, मीटर लावून बसलो. रविवार, ऊन भरपूर, गल्लीत वापर कमी, सगळ्यांची वीज एकदम डीपीकडे उलटी निघालेली, आणि गल्लीच्या टोकाला व्होल्टेज २५५ च्या वर. इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला ट्रिप होतो, तो बिघडलेला नव्हताच. जो डीपीपासून सगळ्यात लांब, तो आधी मरतो. एका डीपीवर किती सोलर चालेल याला मर्यादा असते, आणि जो आधी अर्ज करतो त्याला जागा मिळते. एरिया मोठ्या प्रमाणावर करायचा म्हणजे केबल जाड करणं, डीपी वाढवणं, आणि दुपारची वीज दुपारीच खाणं. शेवटचं तुमच्या हातात आहे. पाण्याचे पंप सकाळी ६ ऐवजी ११ ते ३ मध्ये चालवा, वरची टाकी म्हणजे तुमची फुकटची बॅटरी आहे. आता स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर थोडी सवलतपण मिळते, म्हणजे वॉशिंग मशीन दुपारी.

ईव्ही पण धरा. महिन्याला हजार किलोमीटर फिरणारी गाडी १३० ते १५० युनिट खाते, म्हणजे फॅन बदलून काटकसर केलेल्या एका फ्लॅटएवढी. आज पार्किंगमध्ये पाच असतील, पाच वर्षांनी पन्नास. मग आपला पाचवा मजला परत चौथ्यावर.

आणि आता माझी स्वतःची चूक. २०१६ च्या सुमारास एका सोसायटीला मी ४० किलोवॅटचं डिझाईन करून दिलं, दक्षिणेला तीन मजली जुनी इमारत होती, सावलीचा प्रश्नच नव्हता, सॉफ्टवेअरमध्ये सगळं हिरवं. तिसऱ्या वर्षी ती इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि तिथे बारा मजले उभे राहिले. हिवाळ्यात सकाळी अकरापर्यंत निम्म्या पॅनलवर सावली. वर्षाची निर्मिती बरीच कमी झाली. सेक्रेटरीने विचारलं, कोणाकडे तक्रार करायची? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डिझाईनच्या आधी मी शेजारच्या प्लॉटवर आज काय आहे ते बघत नाही, तिथे किती एफएसआय उरलाय (म्हणजे अजून किती बांधकाम चढू शकतं) ते बघतो. पुण्या-मुंबईत आत्ता जे चाललंय, चार मजली पाडून चौदा मजली, त्यात दर घरामागे छप्पर कमी कमी होत चाललंय आणि शेजाऱ्याचं ऊनही जातंय. एकीकडे पॉझिटिव्ह शहराची भाषणं आणि दुसरीकडे हे. नवीन इमारतीत किमान पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा आणि गच्चीवर पांढरा चायना मोझेक एवढं जरी सगळ्यांनी केलं तरी एसीचा वापर कमी होईल. पण छज्जा एलिव्हेशनला (इमारतीच्या दर्शनी बाजूला) शोभत नाही म्हणे, काचच पाहिजे.

मिटिंगमध्ये काय होईल तेही सांगतो, कारण प्रोजेक्ट तिथेच अडकतात. पहिलं भांडण वाटपाचं. सगळ्यांना समान युनिट द्यायची, की बिलाच्या प्रमाणात? महिना ९० युनिट वापरणाऱ्या निवृत्त जोडप्याचा दर आधीच कमी असतो, त्यांना फायदा थोडा. चार एसीवाल्याला बिलाच्या स्लॅबमुळे (जास्त युनिटला जास्त दर) फायदा जास्त. खर्च मात्र सगळ्यांनी सारखा भरलेला. मी समान वाटपाच्या बाजूचा आहे, गच्ची सगळ्यांची सारखी आहे म्हणून, पण ज्या सोसायट्यांनी वर्गणीच ऐच्छिक ठेवली आणि ज्याने भरली त्याला वाटा दिला त्यांचंपण चांगलं चाललंय. एजीएममध्ये ठराव लिहून घ्या, फ्लॅट विकला तर वाटा नवीन मालकाकडे जाणार हेसुद्धा. कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नसेल तर आधी ते. दुसरं भांडण सोलर हीटर काढायचे का याचं. चालू असतील तर काढू नका, पाणी तापवायला उन्हाची उष्णता थेट वापरणं हे पॅनलमधून वीज करून गीझर लावण्यापेक्षा कमी जागेत होतं. गंजलेले, गळके असतील आणि खालच्या मजल्यांना पोचेपर्यंत बादलीभर पाणी वाया जात असेल, तर काढा आणि हीट पंप बघा, साध्या गीझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम होतं.

खर्चाच्या कोटेशनमध्ये तीन गोष्टी शोधा, बहुधा नसतील. इन्व्हर्टर आठ-दहा वर्षांनी बदलावा लागतो, तो पैसा. पॅनल धुण्याची सोय, आणि धुवायला बोअरचं पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग बसतात ते वेगळंच, मऊ पाणी लागतं. आणि कबुतरं. हसू नका, पॅनलखाली सावली आणि निवारा, त्यांना तर टू बीएचके मिळतो, जाळी पहिल्या दिवशीच लावून घ्या. सबसिडी कॉमन वापरासाठी सोसायट्यांना किलोवॅटला १८,००० आहे, ती कोटेशनमध्ये धरलीय का आणि कोणाच्या खात्यात येणार तेही विचारा.

तर आत्ता करायचं काय? चारही विंगची कॉमन मीटरची आणि निदान तीस-चाळीस फ्लॅटची बारा महिन्यांची बिलं गोळा करा, मला टाका, मी फुकटात बघून देतो. आठवड्याभरात पंप आणि पार्किंगच्या दिव्यांचं काम सुरू करा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. फॅनसाठी एकत्र शंभर-दोनशे नगांची चौकशी करा, भाव चांगला पडतो. सोलरची घाई नको, २१ डिसेंबर जाऊ द्या. त्या दिवशी सूर्य सगळ्यात खाली असतो, सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ ला गच्चीवर जाऊन टाकी, मशीन रूम आणि शेजारच्या इमारतींच्या सावल्यांच्या कडा खडूने आखा, फोटो काढा. त्या रेषांच्या बाहेर जी जागा उरते ती तुमची खरी गच्ची, व्हेंडरच्या गुगल मॅपवरची नाही. आणि खाली उतरताना दक्षिणेच्या प्लॉटच्या गेटवर रिडेव्हलपमेंटचा बोर्ड लागलाय का तेवढं बघून घ्या.